वरच्या मळ्यातली एकतीस मतं

११ डिसेंबर

डायरी लिहिणं हा माझा पिंड नाही. लोकांच्या मनातलं काढून घेणं हा माझा धंदा, स्वतःचं मन कागदावर मांडायला कधी सवड झाली नाही. पण आज मोहनरावांचं काम मिळालं आणि घरी येताना वाटलं, याची नोंद राहिली पाहिजे. उद्या कुणी विचारलं की बारामतीत तासाच्या हिशेबाने संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मास्तराने निवडणुकीचे अंदाज सांगणारी कंपनी कशी उभी केली, तर दाखवायला काही तरी हवं. ही डायरी बियाण्याच्या दुकानदाराने दिलेली आहे. दर पानाच्या खाली कांद्याच्या वाणाची जाहिरात आहे, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

पहिल्या वर्षी मी तोंडावर आपटलो होतो. पुण्याहून पोरं आणली, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. ज्याच्या दारात जावं तो चहा पाजून म्हणायचा, "मत तुमचंच की!" पोरांनी तेच भरलं. निकाल लागल्यावर महिनाभर मी भिगवण रोडने तोंड चुकवत जात होतो. शहाणपण आलं ते सणसरच्या एका बारशात. पाळण्याची दोरी हातात धरून एक मामा आपल्या तरण्या भाच्याला सांगत होता, कुणाला मत टाकलं आणि का टाकलं, अगदी खरं खरं. म्हटलं, अरे! परक्याला माणूस उत्तर देतो, पाहुण्याला मन देतो. तेव्हापासून माझी पद्धत ठरली. गावात सर्वेला माणूस पाठवायचा तो त्या गावचा भाचा, जावई, नाहीतर माहेरवाशीण. टॅब नाही, कागद नाही. एका मताला एक चिंचोका, विरोधातला डाव्या खिशात, बाजूचा उजव्या खिशात असं मोजत यायचं आणि घरी येऊन फॉर्म भरायचा. मागच्या तीन निवडणुकांत माझा अंदाज निकालापासून शंभर मतांच्याही आत उतरला आहे.

मोहनराव आमच्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या जागेसाठी उभे आहेत. उजनी धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलणारी जी सहकारी योजना आहे, तिचेही चेअरमन तेच. डाळजजवळच्या हॉटेलात मासे खाऊ घातले. म्हणाले, "सर, गावाचं आमाला पाठ हाय. गावात कोन कुठं बसतो, कोन कुणाचं खातो, समदं ठाऊक हाय. आमाला वस्तीचं सांगा. कुठल्या वस्तीत आमी कमी पडतोय, तेवढं कळलं की काम झालं." वस्तीवार अंदाज आजवर कुणी दिलेला नाही. मी हो म्हटलं.

१३ डिसेंबर

योगिनीशी वाजलं. ऑफिसात आलेली सगळी माहिती तीच जुळवते. पोरगी हुशार आहे, पण जरा पुस्तकी. माझ्याच हाताने भिंतीवर लावलेल्या नियमाकडे तिने बोट दाखवलं. तीस घरांपेक्षा लहान गटाचा आकडा वेगळा दाखवायचा नाही.

"मोठ्या गावात चालतं सर. अकरा घरांच्या वस्तीत टक्के निघत नाहीत, माणसं निघतात."

मी म्हटलं, मोहनरावांना कामं करायची आहेत. नाराजी कुठे आहे हे कळल्याशिवाय रस्ता कुठे करायचा ते कसं कळणार? ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला रस्त्याबद्दल एक तरी प्रश्न घालायला सांगितलाय का?" प्रश्न घालायला खरंच सांगितलं नव्हतं. पण कामाच्या गडबडीत माणूस सगळंच बोलतो असं नाही. नियमाचा कागद मी काढून ठेवला. तसाही तो पिवळा पडला होता.

योजनेच्या पाइपलाइनवर चोवीस वस्त्या आहेत. तेवीस वस्त्यांना आमच्यापैकी कुणा ना कुणाचं नातं निघालं. उरली एकच, वरचा मळा. अकरा घरं, एकतीस मतं. ती माझ्याच बायकोचं, सुधाचं माहेर आहे, तेव्हा तिथे मलाच जावं लागणार.

२८ डिसेंबर

कालपासून वरच्या मळ्यात होतो, आत्ताच परतलो. सुधाला आणि आमच्या लेकीला, इराला हुरड्याला म्हणून घेऊन गेलो. हुरडा होताच, त्यात खोटं काही नाही. सुधा दोन वर्षांत माहेरी राहिली नव्हती. गाडीतून उतरल्या उतरल्या पेरूच्या बागेत पळाली आणि इरासारखीच झाडावर चढली.

जावई म्हटल्यावर काय विचारता! धोंडाबाई, म्हणजे सुधाची चुलती, तिनेच सुधाला आणि तिच्या भावाला, लखनला वाढवलं. सत्तरी उलटली तरी बादली भरून गरम पाणी स्वतः आणून ठेवते. "रामराव, पाय धुवा आन् बसा. हितं कुणाला भ्यायचं काम न्हाय." शेजारणींना कौतुकाने सांगत होती, "आमचं जावई मोजणीच्या हापिसात हाईत." तिला वाटतं मी जमिनी मोजतो. मी दुरुस्त केलं नाही.

शेकोटीभोवती सगळी वस्ती जमली होती. मला विषय काढावाही लागला नाही. कणसं चोळता चोळता माणसं आपणहून बोलत होती. धोंडाबाई म्हणाली, "मोहन्याला? त्याच्या बापाला मी हितं सायकलीवर दूध घालताना बघितलाय. पान्याच्या तीन पाळ्या आमाला देतो म्हनला आन् दोन दिल्या. मी न्हाय देनार मत त्येला. कुणाला सांगू नगा, पाव्हणं." लखन म्हणाला, "दाजी, तोंडावर कोन बोलतंय? समदे व्हय म्हंतेत. बटन दाबताना बघू."

एकटा गेणू मोहनरावांच्या बाजूचा. लखनच्या बांधाला बांध असलेला, गरीब स्वभावाचा माणूस, दुधी आणि दोडका लावतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या मोनाला नर्सिंगला घालायचीय. साहेब म्हनलेत, काम करतो. दोनदा बंगल्यावर जाऊन आलो. म्या, माझी आई आन् मंडळी, आमची तीन मतं त्येंनाच. पर हितं सांगू नगा, लोक उगं वाकड्यात शिरत्यात." मी म्हटलं, माझ्यापाशी राहील.

सत्तावीस विरोधात, तीन बाजूने, एका म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. एकतीसपैकी एकतीस, नमुना म्हणून नव्हे, सगळेच! उभ्या आयुष्यात इतकं नितळ काम मी केलं नव्हतं.

२९ डिसेंबर

सकाळी सुधाने पँट धुवायला घेतली. दोन्ही खिशांतून चिंचोके निघाले. "हे कुठून आले?" म्हणाली. मी म्हटलं, इराने भरले असतील. तिने ते मोजले. एका बाजूला सत्तावीस ठेवले, दुसरीकडे तीन. मग इराला खेळायला देऊन टाकले.

७ जानेवारी

मोहनरावांना अहवाल दिला. नकाशाच काढला होता. हिरवे ठिपके भक्कम, पिवळे डळमळीत, लाल गेलेले. चोवीसात सहा लाल. मोहनराव चष्मा लावून बराच वेळ लाल ठिपक्यांवरच होते. एकेकावर बोट ठेवून नाव विचारत होते. वरच्या मळ्यावर थांबले. "सत्तावीस? एकतीसात?"

"हो."

"पक्कं?"

"साहेब, माझ्या पोटच्या पोरीइतकं पक्कं."

हे बोलायला नको होतं असं नंतर वाटलं. प्रत्येक वस्तीत तिथल्याच नात्यातल्या माणसाने मोजलंय एवढं सांगितलं, ती वस्ती माझी सासुरवाडी आहे हे मात्र मी सांगितलं नाही. धंद्यात नातं आणायचं नसतं. एकूण चारशे-सव्वाचारशेने निवडून याल, असं सांगून आलो.

१० फेब्रुवारी

चारशे बारा! पेपरवाल्यांचे फोन, वाहिनीवाल्यांचे फोन. एकाने तर विचारलं, तुमच्याकडे नेमकं कोणतं सॉफ्टवेअर आहे? सुधाने पुरणाची पोळी केली. माझ्या ताटात वाढताना म्हणाली, "मळ्यातली मतं कुणाला पडली, तुम्हाला ठाऊक असेलच." मी म्हटलं, अंदाज आहे.

३ मार्च

लखनचा फोन. सुधाशीच बोलतो एरवी, आज मला फोनवर बोलावलं. वरच्या मळ्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बिघडलाय म्हणून दोन पाळ्या पाणी आलं नाही. "दाजी, तुमची वळख असंल तर बघा. पेरूला फळ धरलंय, आत्ता पानी न्हाय मिळालं तर समदं गळंल. काकी रोज व्हॉल्व्हपाशी जाऊन बसतीया." व्हॉल्व्ह बिघडतात. मार्चमध्ये दाब कमी होतो. मी सांगितलं, अर्ज द्या.

११ मार्च

योगिनीने राजीनामा टेबलावर ठेवला. सोबत माझाच नकाशा. "पाणी कुठं कुठं बंद आहे ते मी फोन करून विचारलं सर. लाल ठिपक्यांवर एकेक फुली मारलीय. तुम्ही बघा." सहाच्या सहा ठिपक्यांवर फुली होती. इतर कुठेही नाही.

ती गेल्यावर मी गणित मांडलं. चोवीसातल्या कोणत्याही सहा वस्त्या बंद पडायच्या असतील, तर नेमक्या याच सहा निघण्याची शक्यता एक लाख चौतीस हजार पाचशे शहाण्णवात एक. दोनदा करून पाहिलं, तेवढीच येते. अर्थात, पाइप फुटण्याची कारणं एकमेकांत गुंतलेली असू शकतात. सगळ्या वस्त्या उंचावर असतील तर दाब एकदमच पडेल. वरचा मळा उंचावर आहे. बाकीच्या पाच कशा आहेत ते बघायला हवं.

मोहनरावांना फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण काय म्हणून करू? सासुरवाडीसाठी म्हटलं तर ते विचारणार, मग आधी का नाही बोललात? आणि ती गोष्ट मळ्यात पोचली तर? नाही केला.

२० मार्च

लखन आणि आणखी दोघे मोहनरावांच्या बंगल्यावर गेले होते. सुधाने रात्री जेवताना सांगितलं. मोहनराव झोपाळ्यावर बसून म्हणाले म्हणे, "एकतीसातली सत्तावीस इरुद्ध गेली. कागद हाय माझ्यापाशी. आता पानी मागायला कुठल्या तोंडानं आलाय?"

मी विचारलं, "कागद कसला, असं नाही विचारलं लखननं?"

"विचारलं. ते म्हणाले, तुमच्यातल्याच माणसानं मोजून दिलंय."

सुधा पुढे सांगत होती, माझ्याकडे न बघता. मळ्यात त्यांनीही हिशेब केला. सत्तावीस वजा केले तर उरतात तीन आणि एक बहिरा म्हातारा. तीन मतं कुणाच्या घरात? गेणूच्या. बंगल्यावर कोण जात होतं? गेणू. मोजून देणाऱ्याने स्वतःला वगळूनच मोजलं असणार.

"पण गेणूचंही पाणी बंदच आहे ना?" मी म्हटलं.

"लोक म्हणतात, संशय येऊ नये म्हणून."

मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं? तुम्ही या विषयातले आहात." मी म्हटलं, पुरेशी माहिती नसताना मत देऊ नये. ती उठून भांडी घासायला गेली. कामवाली सकाळी येतेच, तरी सगळी भांडी घासली.

२९ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

लखनने बोलावलं होतं. रविवार होता, खंडोबाचा वार. मळ्याच्या टोकाला खंडोबाचं बिनकळसाचं ठाणं आहे. तिथे सगळी वस्ती जमली. ठरलं होतं की घरटी एकाने बेल-भंडारा उचलायचा, म्हणजे ताटातलं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवासमोर शपथ घ्यायची, की आपण वस्तीचं मन बाहेर सांगितलेलं नाही. खोटी शपथ घेणाऱ्याचं महिनाभरात वाटोळं होतं, असं इथं सगळे मानतात. प्रश्न आला, ताट कुणी धरायचं? ताट तिऱ्हाइताने धरायचं असतं, अकरा घरांतल्या कुणी धरून चालत नाही. धोंडाबाई म्हणाली, "रामराव हाईत की. जावयापरीस चांगला तिऱ्हाईत कोन?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या चेहऱ्यावर एवढीशीही शंका नव्हती. मी एकेक चेहरा पाहिला. जावयावर संशय घ्यायची यांच्या मनात सोयच नाही.

मी ताट धरलं. पितळेचं, जड होतं. एकेक जण आला, पान उचललं, म्हणाला, "म्या सांगितलं असंल तर खंडेराया बघून घेईल." धोंडाबाईने उचललं. वेगळ्या चुलीचा म्हणून लखननेही उचललं. शेवटी गेणू. पान उचलताना त्याच्याकडून भंडारा माझ्या सदऱ्यावर सांडला. "देवा, म्या न्हाय सांगितलं. माझ्या मोनाची आन," एवढं म्हणून तो रडायलाच लागला. मागून कुणी तरी म्हणालं, "खोट्याला रडू लवकर येतं."

अकरा शपथा झाल्या. अकराही खऱ्या होत्या. मला कुणी शपथ घ्यायला सांगितली नाही. माझ्याकडे ताट होतं. विचारलं असतं तर काय केलं असतं याचा विचार मी परतताना गाडी चालवताना करत होतो. पण ज्याला प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर फॉर्मवर धरता येत नाही, तो रकाना कोराच सोडावा लागतो. सुधा शेजारी बसून माझ्या सदऱ्यावरची हळद बघत होती. घरी आल्यावर मी सदरा धुवायला टाकला, तो तिने धुतला नाही. मीच धुतला. डाग राहिला.

५ एप्रिल

झोप नाही. लखनला सांगून टाकावं असं रोज ठरवतो. सांगायचं ते वाक्यही तयार केलंय. पण त्यानंतर काय? सुधाचं माहेर तुटणार. धोंडाबाई त्या शेकोटीपाशी माझ्याशी जे बोलली ते तिला आठवत राहणार. आणि धंदा? पाहुण्याला मन देतात यावर माझी कंपनी उभी आहे. एकदा पाहुण्यावरचा विश्वास गेला तर चोवीस वस्त्यांत काय, कुठेच कोणी तोंड उघडणार नाही.

गेणूशी मळ्यात सगळ्यांनी बोलणं टाकलंय. अकरा घरांचा माल एकाच पिकअपमधून इंदापूरच्या बाजाराला जातो, त्यात त्याचे क्रेट घेत नाहीत. सुधाने हे सांगितलं तेव्हा इरा शेजारीच होती. तिने विचारलं, "पण गेणूमामांनी काय केलं?" सुधा म्हणाली, "बाबांना विचार." इराने विचारलं. मी तिला मोबाईल दिला.

१७ एप्रिल

गेणू गेला.

विहिरीच्या तळातल्या पाण्यावर त्याने थोडा दुधी जगवला होता. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना क्रेट बांधून पहाटे भिगवणला निघाला होता. हायवेला लागताना मागून कंटेनर आला. क्रेटमुळे गाडी वळवता आली नसावी. लखन सांगत होता, रस्त्यावर लांबपर्यंत दुधी पडले होते.

शपथेला एकोणीस दिवस झाले होते. मळ्यात आता कुणाच्याच मनात काही शंका उरलेली नाही. धोंडाबाई फोनवर सुधाला म्हणाली, "बघ, देव हाय. महिना न्हाय जाऊ दिला." सुधाने पुढचं न ऐकता फोन ठेवला.

दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच तासाला शिकवायचो. कंटेनरवाला बेदरकार होता, अंधार होता, क्रेट होते. क्रेट मोटरसायकलवर का होते, हाही प्रश्न आहे. तो पिकअपवर जातो. पिकअप शपथेवर, शपथ कागदावर, आणि कागदावर माझी सही. आज एवढंच लिहितो.

२४ एप्रिल

शेवटी मोहनरावांना फोन केला. सांगितलं, वरचा मळा माझी सासुरवाडी आहे.

ते मोठ्याने हसले. "आरं तिच्या! आदी सांगायचं की राव! आपल्या माणसाची वस्ती, आन् आमी उगं..." मग म्हणाले, "उद्या पानी सोडतो. जावयाचा मान हाय. बाजार समितीची निवडणूक येतीया, तिच्या समद्या वस्त्या तुमीच घ्या. असंच बारीक काम पायजे."

एका फोनचं काम होतं. दीड महिना मी तो केला नव्हता. बाजार समितीला मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो आणि त्यांनी पाणी सोडलं नसतं, तर? मळ्याचा विचार करायला हवा होता.

२६ एप्रिल

पाणी आलं. लखनचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. "दाजी, तुमी देवमानूस!" निम्मा पेरू गळून गेलाय, निम्मा वाचेल म्हणतो. मोहनरावांनी स्वतः सांगितलंय की जावयाच्या शब्दाखातर सोडलं. सुधाला ही बातमी मी सांगितली. तिने विचारलं, "एवढी ओळख होती तुमची?"

२४ मे

अधिक महिना लागला आहे, तीन वर्षांनी येतो तो. सासुरवाडीला जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालतात, जावई म्हणजे या महिन्यात प्रत्यक्ष विष्णू. धोंडाबाईने गेल्याच आठवड्यात आवतण पाठवलं होतं. सुधा म्हणाली, "जायलाच हवं. नाही गेलो तर तिला लागेल." आज गेलो.

दारात मांडव, पाटाभोवती रांगोळी. धोंडाबाईने माझे पाय धुतले. मी नको नको म्हणत होतो. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, तांब्याचं निरांजन, धोतरजोडी. दहा घरांतली माणसं जेवायला होती. लखनने नारळ आणि शाल दिली आणि म्हणाला, "या मानसानं आपली बाग वाचवली." बायकांनी ओवाळलं. गेणूच्या घरातून कुणी नव्हतं, त्यांना बोलावलंच नव्हतं.

हात धुवायला मागच्या हौदाकडे गेलो तर पेरूच्या झाडाखाली गेणूची बायको उभी होती. डोक्यावरून पदर, हातात रिकामी कळशी. पाण्याला आल्यासारखं दाखवून तिथे थांबली असावी.

"पाव्हणं, एक विचारायचं व्हतं."

मी म्हटलं, विचारा.

"तुमी ताट धरलं व्हतं. तुमी शिकल्यालं, साहेबांच्या बैठकीतलं. तुमाला खरं ठाऊक असंल. आमच्या मालकांनी सांगितलं व्हतं का?"

मी हौदातल्या पाण्याने हात धुवायला लागलो.

ती म्हणाली, "समदी म्हंत्यात सांगितलं. माझी सासू सुदिक म्हंती. मोना कालिजात जाईना, लोक बोट दावत्यात. म्या एकटीच म्हंते, न्हाय. ह्यांनी मला कदी खोटं सांगितलं न्हाय. तुमी नुसतं न्हाय म्हना. दुसरं काय नगं. तुमी म्हनला तर लोक ऐकतील."

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. स्वतःचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. पण मी 'नाही' म्हटलं असतं तर ती आत जाऊन सगळ्यांना सांगणार, आणि कुणी तरी विचारणार, पाहुण्यांना कसं ठाऊक? मग कुणी सांगितलं? मला हे सगळं एका क्षणात दिसलं, पुढचे सगळे प्रश्न ओळीने दिसले. लोकांच्या पुढच्या प्रश्नाचा अंदाज बांधणं हेच तर मी आयुष्यभर केलं.

मी म्हटलं, "वहिनी, आता जाऊ द्या. गेलेल्या माणसाचं काय काढायचं? झालं ते झालं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूहळू तिची मान हलली.

"म्हंजी सांगितलंच व्हतं," ती म्हणाली.

मी ओले हात झटकले.

"मला बी खोटंच सांगितलं म्हना की. म्या खुळी, रोज त्येंच्या फोटोला दिवा लावत व्हते." तिने पदर डोळ्याला लावला नाही. कळशी हौदात बुडवून भरली, कमरेवर घेतली आणि वाटेला लागली. बांधापर्यंत जाऊन परत वळून म्हणाली, "बरं झालं खरं सांगितलं. तुमच्याबिगर कुणी सांगितलं नसतं."

मागे वळलो तर दारात सुधा होती. हातात माझ्यासाठी आणलेला टॉवेल. तिने तो हौदाच्या कडेवर ठेवला आणि गेणूच्या घराकडे चालायला लागली. मी हाक मारली. थांबली नाही. अनवाणीच होती, ढेकळांतून चालत होती, आणि मग पळायला लागली.

थोड्या वेळाने तिकडून बायकांचं रडणं ऐकू आलं. मांडवातली माणसं उठून तिकडे निघाली, सगळ्यांत पुढे धोंडाबाई, काठी टेकत. लखन माझ्या समोरून गेला. मी पाटाजवळ येऊन बसलो. इरा अनारसे मोजत होती. "बाबा, आई काय सांगतेय त्यांना?" तिने विचारलं.

दहा मिनिटांनी सगळे परत येताना दिसले. पुढे लखन होता. शेताच्या मधून, सरळ माझ्याकडेच येत होते.